वर्सोवा ते कोहाट : संघर्षभूमीच्या वाटा आणि परतीचा प्रश्न

४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंधेरीच्या वर्सोवा भागात राहणारा हमीद निहाल अन्सारी हा २७ वर्षांचा तरुण काबूलला जाण्यासाठी घरातून निघाला. वडील बँकेत, आई महाविद्यालयात हिंदीची प्राध्यापिका, थोरला भाऊ दंतवैद्य आणि स्वतः हमीद अभियांत्रिकी व व्यवस्थापनशास्त्र शिकलेला, असे हे चारचौघांसारखे मध्यमवर्गीय कुटुंब होते. अफगाणिस्तानात नोकरीची संधी आहे, असे त्याने घरी सांगितले होते. आठवडाभर फोन येत राहिले. १० नोव्हेंबरनंतर ते बंद झाले. त्यानंतर हमीद भारतीय भूमीवर उतरला तो १८ डिसेंबर २०१८ रोजी, अटारी-वाघा सीमेवरून चालत.

मधल्या सहा वर्षांत त्याच्या नावाभोवती बरेच काही लिहिले गेले. प्रेमवीर, भाबडा, मूर्ख, हेर अशी विशेषणे दोन्ही देशांतील लोकांनी आपापल्या सोयीने लावली. परंतु विशेषणे बाजूला ठेवून पाहिले, तर संघर्षग्रस्त प्रदेशात स्वेच्छेने जाणाऱ्या तरुणाचे नेमके काय होते, कायदा त्याला कुठवर सोबत करतो आणि कुठे हात टेकतो, हे समजून घेण्यासाठी याच्याइतके तपशीलवार नोंदले गेलेले दुसरे प्रकरण मुंबईच्या उपनगरांत सापडत नाही. हमीदने पुढे पत्रकार गीता मोहन यांच्यासह आपल्या कैदेवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

व्हिसा नाकारलेली वाट

हमीदचे खरे गंतव्य काबूल नव्हते, तर पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील कोहाट हे होते. तेथील एका तरुणीशी त्याची इंटरनेटवर ओळख झाली होती. वैमनस्य मिटविण्यासाठी मुलगी दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकण्याची ‘वनी’ नावाची प्रथा त्या भागात आहे. या प्रथेपायी तिचे लग्न लावून दिले जाणार, असे त्याला कळले होते आणि तिला सोडविण्यासाठी आपण गेलेच पाहिजे, अशी त्याची धारणा झाली. पाकिस्तानचा व्हिसा मिळविण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ ठरले होते.

ते निष्फळ ठरणे स्वाभाविकच होते. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील व्हिसा हा देशाचा नसतो, ठरावीक शहरांचा असतो. १९७४ च्या करारानुसार पाहुण्याला तीन ठिकाणी जाता येई; सप्टेंबर २०१२ मध्ये इस्लामाबाद येथे झालेल्या नव्या करारात ही संख्या पाचवर नेण्यात आली. मात्र छावणी भाग आणि प्रतिबंधित क्षेत्रे या दोन्ही करारांच्या बाहेरच राहिली. कोहाट हे पाकिस्तानी लष्कर आणि हवाई दल यांचे जुने ठाणे आहे. मुंबईत पाकिस्तानचा वाणिज्य दूतावास १९९४ पासून नाही. त्यामुळे अर्ज दिल्लीला करायचा, यजमानाचे निमंत्रणपत्र जोडायचे आणि वाट पाहायची. ज्या तरुणीला घरच्यांपासून सोडवायचे, तिच्या घरून निमंत्रणपत्र येण्याची शक्यता नव्हतीच.

उरली ती मागील दाराची वाट. इंटरनेटवर भेटलेल्या काही पाकिस्तानी ‘मित्रांनी’ त्याला अफगाणिस्तानमार्गे येण्याचा सल्ला दिला, मदतीचे आश्वासन दिले. हमीद बेपत्ता झाल्यानंतर घरच्यांनी त्याच्या संगणकावरील संवाद वाचले, तेव्हा कुठे हे त्यांना समजले. काबूलहून जलालाबाद, तेथून तोरखमची सीमा, पुढे पेशावर आणि पेशावरच्या दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर कोहाट, असा हा मार्ग. पेशावर आणि कोहाट यांच्या मध्ये दर्रा आदमखेल लागते. हाताने बनविलेल्या बंदुकांच्या बाजारासाठी ते गाव जगभर ठाऊक आहे. हमीद या रस्त्याने गेला, त्याच्या महिनाभर आधी, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, याच प्रांतातील स्वात खोऱ्यात मलाला युसुफझाई या शाळकरी मुलीवर तालिबानने गोळ्या झाडल्या होत्या. तेथील पोलीस, लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा कोणत्या मनःस्थितीत होत्या, याची कल्पना यावरून यावी. अशा मुलखात, वैध व्हिसा नसलेला, बनावट ओळखपत्र बाळगणारा भारतीय तरुण १४ नोव्हेंबर रोजी कोहाटच्या एका हॉटेलात पोलीस आणि गुप्तचरांच्या हाती लागला.

आश्वासन देणाऱ्यांपैकी त्याच्या मदतीला कुणीही आले नाही. त्यातले किती जण खरे मित्र होते आणि किती जण आणखी कुणी, हा प्रश्न आजवर अनुत्तरित आहे.

अटक झाली, पण कैदी नाही

यानंतरची तीन वर्षे या प्रकरणातील सर्वांत कठीण. हमीदला अटक झाली होती, परंतु तो कैदी म्हणून कुठल्याही कागदावर नव्हता. घरच्यांना तो जिवंत आहे की नाही, हेही सांगणारे कुणी नव्हते.

दोन देशांच्या कैद्यांसाठी कागदोपत्री व्यवस्था नाही असे नाही. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी दूतावास संपर्काबाबत, म्हणजे राजनैतिक भाषेत ज्याला ‘कॉन्सुलर अॅक्सेस’ म्हणतात त्याबाबत, करार केला. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या द्यायच्या, अटकेनंतर तीन महिन्यांत दूतावासाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट घेऊ द्यायची, शिक्षा संपून नागरिकत्व निश्चित झाल्यावर महिनाभरात त्याला परत पाठवायचे, अशी त्यातील मुख्य कलमे आहेत. याशिवाय १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ वे कलम जगातील बहुतेक देशांना हेच बंधन घालते. परंतु २००८ च्या करारात एक वाक्य असे आहे की, ज्यामुळे बाकीच्या कलमांची धार बोथट होते : राजकीय अथवा सुरक्षेच्या कारणावरून झालेल्या अटकेत प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर तपासले जाईल. मासेमारी करताना चुकून सीमा ओलांडलेल्या पालघरच्या किंवा गुजरातच्या खलाशाला याद्यांची ही व्यवस्था उपयोगी पडते. ज्याच्यावर हेर असल्याचा संशय आहे, त्याच्यासाठी दार उघडायचे की नाही, हे दारामागचा ठरवतो.

या वाक्याचा अर्थ काय लावायचा, हा वाद पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तोही मुंबईच्याच एका उपनगरातील रहिवाशाच्या निमित्ताने. पवईचे कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने अटक केली आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. जाधव हे निवृत्त नौदल अधिकारी. त्यांचे इराणहून अपहरण झाले, ही भारताची भूमिका आहे. त्यामुळे त्यांची आणि हमीदची तुलना करणे योग्य नव्हे. मात्र कायद्याचा मुद्दा समान होता. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी निर्णय दिला की, हेरगिरीचा आरोप असला तरी ३६ वे कलम लागू होते आणि २००८ च्या करारामुळे ते बाजूला सारता येत नाही. हमीद तोवर घरी येऊन सात महिने झाले होते.

त्याच्या बाबतीत भारतीय उच्चायुक्तालयाने नव्वदहून अधिक वेळा लेखी विनंती केली. त्याची भेट काही मिळू शकली नाही.

मग मार्ग निघाला तो कसा? तर पाकिस्तानातीलच माणसांमुळे. फौजिया अन्सारी यांनी पेशावर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली. ज्येष्ठ वकील काझी मुहम्मद अन्वर यांनी ती चालविली. मुंबईतील पत्रकार आणि दोन्ही देशांतील जनतेच्या संवादासाठी झटणारे जतीन देसाई यांनी सीमेपलीकडचे आपले संबंध या कामी लावले. याचिकेमुळे सरकारी वकिलाला उत्तर देणे भाग पडले आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयात पहिल्यांदा अधिकृतपणे सांगण्यात आले की, हमीद लष्कराच्या ताब्यात असून त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालविण्यात येत आहे. तीन वर्षे दोन महिन्यांनी एका आईला मुलाचा पत्ता लागला.

प्रत्यक्षात तोवर शिक्षा होऊनही गेली होती. १५ डिसेंबर २०१५ रोजी त्याला तीन वर्षांची कैद ठोठावण्यात आली होती. ही तीन वर्षे त्या दिवसापासून मोजली गेली. अटकेपासूनची आधीची तीन वर्षे हिशेबात धरलीच गेली नाहीत. पेशावरच्या मध्यवर्ती कारागृहात त्याच्यावर सहकैद्यांनी हल्ले केले. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या वकील रख्शंदा नाझ त्याला तुरुंगात भेटत राहिल्या. शिक्षा संपत आली, तेव्हा पुन्हा न्यायालयात जावे लागले. कारण शिक्षा संपली म्हणजे सुटका झाली, असे परदेशी कैद्याच्या बाबतीत होत नाही. प्रवासाची कागदपत्रे तयार व्हावी लागतात, गृह आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांचा होकार लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये पेशावर उच्च न्यायालयाने सरकारला ही प्रक्रिया महिनाभरात पुरी करण्यास सांगितले आणि शिक्षा संपल्यानंतर तीन दिवसांनी हमीद अटारीला पोहोचला. दुसऱ्या दिवशी दिल्लीत तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी अन्सारी कुटुंबाची भेट घेतली.

या प्रकरणाची किंमत आणखी एका तरुणीने मोजली. झीनत शहझादी ही लाहोरची विशीतली पत्रकार. अन्सारी कुटुंबाशी तिचा काहीही संबंध नव्हता. बातमी वाचून तिने मुंबईला फौजिया अन्सारी यांच्याशी संपर्क साधला, त्यांच्याकडून मुखत्यारपत्र घेतले आणि हमीदचा शोध घेण्यासाठी पाकिस्तानातील न्यायालये आणि बेपत्ता व्यक्तींच्या चौकशीसाठी नेमलेला आयोग यांचे उंबरठे झिजविले. १९ ऑगस्ट २०१५ रोजी लाहोरमध्ये ती स्वतःच बेपत्ता झाली. तिची वाट पाहून खचलेल्या धाकट्या भावाने मार्च २०१६ मध्ये आत्महत्या केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेजवळून तिची सुटका झाल्याचे आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर केले; तिला कोणी नेले होते, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. हमीदच्या गोष्टीतील साहस म्हणतात ते, खरे पाहता, या मुलीचे होते. ती मात्र आपल्याच शहरात, आपल्याच देशाच्या कायद्याने दिलेल्या मार्गाने चालली होती.

मालवणी, कल्याण आणि दुसऱ्या प्रकारची वाट

हमीद पेशावरच्या परिसरात अज्ञातवासात असताना, मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जथ्यात सामील झाले. बगदादला पोहोचल्यावर ते जथ्यातून बाहेर पडले आणि इस्लामिक स्टेट या संघटनेकडे गेले. पुढच्याच महिन्यात, १० जून रोजी, मोसुल शहर त्या संघटनेच्या हाती पडले. चौघांपैकी एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये तुर्कस्तानमार्गे मुंबईला परतला. त्याच्यावर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, तसेच भारतीय दंड संहितेच्या १२५ व्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला. भारताशी सख्य असलेल्या आशियाई सत्तेविरुद्ध युद्ध पुकारणे, हा त्या कलमाचा विषय. १८६० पासून कायद्याच्या पुस्तकात पडून असलेल्या या कलमाची आठवण त्यानिमित्ताने झाली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १५३ क्रमांकावर आले आणि ‘आशियाई’ हा शब्द गळून त्याची कक्षा कोणत्याही मित्रराष्ट्रापर्यंत वाढली. त्या तरुणाला पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढल्यानंतर मार्च २०२० मध्ये विशेष न्यायालयाने जामीन दिला. खटला लांबत चालल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो कायम ठेवला.

डिसेंबर २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागातील काही तरुण घरातून निघून गेले. त्यांतील काही वाटेतूनच परतले. एप्रिल-मेच्या सुट्टीत जशी मुले क्रिकेटचे मैदान शोधतात, तसे हे घडत नाही. त्यामागे महिनोन् महिने चाललेली ओढाताण असते, असे या तपासांतून दिसले. जानेवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने या प्रकरणातील दोघांना, त्यांनी गुन्हा कबूल केल्यानंतर, आठ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली.

या तरुणांची आणि हमीदची एकाच ओळीत गणना करणे अन्यायाचे होईल. एक एका व्यक्तीसाठी गेला, दुसरे एका सशस्त्र संघटनेसाठी. तरीही घरच्यांच्या दृष्टीने पहिला महिना सारखाच असतो. मुलाने खोटे कारण सांगितलेले असते, खरे कारण संगणकात असते आणि आई-वडील पोलीस ठाण्यात बेपत्ता झाल्याची तक्रार लिहून देत असतात. वेगळेपण पुढे येते. तक्रार लवकर दिली, तर वाटेतल्या मुलाला परत आणता येते, हे मालवणीत दिसले. बदनामीच्या भीतीने ती लांबविली, तर हाच काळ निसटून जातो.

पारपत्रावरचा अदृश्य शिक्का

भारतीय नागरिकाला परदेशी जाण्याचा हक्क आहे. मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र १९६७ च्या पारपत्र कायद्याच्या १९ व्या कलमाने केंद्र सरकारला एक विशेष अधिकार दिला आहे. ज्या देशात सशस्त्र संघर्ष सुरू आहे, किंवा जेथे जाण्याने भारताच्या परराष्ट्र संबंधांना गंभीर बाधा येईल, अशा देशासाठी भारतीय पारपत्र अवैध असल्याची अधिसूचना सरकार काढू शकते. २००४ मध्ये इराकमध्ये तीन भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाल्यानंतर त्या देशात जाण्यास बंदी घालण्यात आली आणि ती २०१० पर्यंत राहिली. येमेनबाबत २०१७ मध्ये असाच निर्णय झाला. तेथे फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या परिचारिकेला भेटण्यासाठी तिच्या आईला डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, ती याच कारणाने. परवानगी मिळाली, तीही स्वतःच्या जबाबदारीवर.

यापेक्षा अधिक परिचयाची चाळणी म्हणजे १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील ‘एमिग्रेशन चेक’. अफगाणिस्तान, इराक, सीरिया, लिबिया, येमेन, सुदान, लेबनॉन यांच्यासह १८ देशांत कामासाठी जाणाऱ्याला स्थलांतर संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. परंतु ही अट दहावी उत्तीर्ण झालेल्यांना नाही. अशिक्षित मजुराची फसवणूक होऊ नये, हा कायद्याचा हेतू होता आणि तो रास्तच होता. शिकलेला माणूस स्वतःचे हित ओळखतो, हे त्यामागचे गृहीत. वर्सोव्याचा एमबीए झालेला तरुण काबूलला निघतो, तेव्हा सहार विमानतळावर त्याला थांबविणारे कोणतेही कलम नसते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत दहावी न झालेला तरुण शोधावा लागेल. म्हणजे ही चाळणी येथल्या बहुतेकांसाठी अस्तित्वातच नाही.

परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवासविषयक इशारे असतात, पण ते सल्ले आहेत, बंदी नव्हे. त्यांचा एक व्यावहारिक परिणाम मात्र फारसा कुणी लक्षात घेत नाही. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीतील हानी वगळलेली असते. विम्याचा कागद खिशात असतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी तो कोरा निघतो.

पदवी, पगार आणि जहाज

धोका पत्करण्याचे प्रत्येक कारण प्रेम किंवा विचारसरणी हेच नसते. पुष्कळदा ते अगदी हिशेबी असते.

२६ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री बुखारेस्टहून निघालेले विमान २१९ भारतीयांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले. युक्रेनमधून विद्यार्थ्यांना आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’चे ते पहिले विमान. त्याच विद्यार्थ्यांतील कित्येक जण पुढच्या काही महिन्यांत युक्रेनला परत गेले, क्षेपणास्त्रे पडत असताना. याचे कारण वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत होते. २०२१ च्या नियमावलीनुसार परदेशी वैद्यकीय पदवीसाठी ५४ महिन्यांचे शिक्षण एकाच संस्थेत पूर्ण व्हावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अन्य देशांतील विद्यापीठांत तात्पुरते शिकण्यास मुभा दिली. पण भरलेली फी आणि गेलेली वर्षे यांचे ओझे ज्याचे त्यालाच वाहायचे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय दूतावासाने सर्वांना युक्रेन सोडण्यास सांगितले, तेव्हा अनेकांनी पदवी घेतल्याशिवाय येणार नाही, असे कळविले. याला बेदरकारपणा म्हणणे कठीण आहे. घरावर कर्ज काढून मुलाला पाठविलेल्या बापाला विचारले, तर तोही कदाचित ‘परत जा’ असेच म्हणेल.

रशियाच्या बाजूचे चित्र अधिक विदारक. मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशी कामे दाखवून देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुणांना रशियात नेण्यात आले आणि लष्कराशी करार करवून आघाडीवर धाडण्यात आले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मुंबईसह अनेक शहरांत दलालांवर छापे घातले. जाहिराती समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून केल्या गेल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार तोवर अशी १२६ प्रकरणे समोर आली होती. ९६ जण परतले होते, १२ जण मारले गेले होते आणि १६ जणांचा ठावठिकाणा रशियानेच ‘बेपत्ता’ म्हणून नोंदविला होता. यांतील अनेकांनी रशियन भाषेतील करारावर मजकूर न समजता सही केली होती. स्वेच्छा आणि फसवणूक यांच्यामधली रेषा या सहीवर येऊन पुसट होते.

याउलट, ज्या व्यवसायात संघटना आहेत आणि लेखी नियम आहेत, तेथे धोक्याचेही मोजमाप ठरलेले असते. कांजूरमार्गला, म्हणजे मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधोमध, नौवहन महासंचालनालयाचे कार्यालय आहे. व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या देशभरातील खलाशांचा कारभार तेथून चालतो. जहाजमालक आणि खलाशांच्या संघटना यांच्यातील आंतरराष्ट्रीय करारानुसार काही सागरी पट्टे ‘युद्धसदृश क्षेत्र’ म्हणून ठरविले जातात. त्या पट्ट्यात जाण्यास नकार देण्याचा हक्क खलाशाला आहे; नकार दिल्यास कंपनीने स्वखर्चाने त्याला घरी पाठवायचे आणि दोन महिन्यांचे मूळ वेतन भरपाई म्हणून द्यायचे. गेल्यास मूळ वेतनाइतका जादा भत्ता आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई. हे हक्क कागदावर आहेत, प्रत्यक्षात किती जण पुढच्या नेमणुकीच्या चिंतेने गप्प बसतात, हा भाग निराळा. आणि नियम असूनही सोसावे लागतेच. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पकडलेले ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज एप्रिल २०११ मध्ये खंडणी घेऊन सुटले, पण सात भारतीय खलाशांना चाच्यांनी मागे ठेवून घेतले. भारतीय नौदलाने पकडलेले आपले साथीदार सोडावेत, ही त्यांची अट होती. हे सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. ओलीस असतानाही वेतन चालू राहिले पाहिजे, ही तरतूद आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात डिसेंबर २०२० पासून आली.

युद्धभूमीकडे जाण्याची मुंबईकर परंपरा तशी जुनीच आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. त्यात सोलापूरचे, परळच्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले द्वारकानाथ कोटणीस होते, वय २७. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. पण ते काँग्रेसने पाठविलेल्या पथकातून गेले होते, निरोप द्यायला लोक जमले होते, कुठे आणि कशासाठी चाललो आहोत हे घरी ठाऊक होते. उद्दिष्टाच्या थोरवीइतकाच हाही फरक महत्त्वाचा.

मागे राहिलेल्यांनी काय करावे

अन्सारी कुटुंबाचा अनुभव पाहता काही गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली म्हणजे स्थानिक पोलीस ठाण्यातील लेखी तक्रार. तिची प्रत नसेल, तर पुढचे एकही कार्यालय दखल घेत नाही. दुसरी, पारपत्राची छायाप्रत, तिकीट, व्हिसा आणि अखेरच्या संवादाची नोंद. हमीदच्या बाबतीत तो कुठे गेला असावा, हे संगणकावरील संवादांमुळेच कळू शकले. परराष्ट्र मंत्रालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘मदद’ हे संकेतस्थळ सुरू केले. परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारी त्यावर नोंदविता येतात आणि त्यांचा पाठपुरावा करता येतो. अन्सारी कुटुंबाला सुरुवातीची दोन वर्षे ही सोयही नव्हती. तिसरी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे त्या देशातील वकील. सरकारी पत्राला उत्तर न देता येते. उच्च न्यायालयाच्या नोटिशीला द्यावेच लागते. मात्र त्यासाठी त्या देशात न्यायालये चालू असावी लागतात आणि आपला दूतावासही असावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर भारताने आपला दूतावास रिकामा केला. जून २०२२ मध्ये तांत्रिक पथक तेथे गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्यात आला. मधल्या दहा महिन्यांत तेथे हरवलेल्या भारतीयाची चौकशी करायला आपले कुणीही नव्हते.

सुटून आल्यानंतर हमीदने वार्ताहरांशी बोलताना आई-वडिलांपासून काही लपवू नका, असे तरुणांना सांगितले. फौजिया अन्सारी मात्र मुलगा परतण्याआधीपासूनच इतरांसाठी बोलत होत्या. मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याने चुकीचा मार्ग निवडला, एवढेच त्या दोन्ही देशांतील लोकांना सांगत राहिल्या.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने अटारीचे तपासणी नाके बंद केले, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि दोन्ही राजधान्यांतील उच्चायुक्तालयांचे मनुष्यबळ ३० पर्यंत खाली आणण्यात आले. मे महिन्यात प्रत्यक्ष लष्करी संघर्ष झाला. असे असूनही १ जुलै २०२५ रोजी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे २००८ च्या करारानुसार कैद्यांच्या याद्या एकमेकांना सुपूर्द करण्यात आल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत सर्वाधिक संख्या मच्छीमारांची होती.